शितावरून भाताची परीक्षा: नोकरी करता करता केलेला स्टॅटिस्टिक्सचा पहिला कोर्स



आजच्या भागात नवीन फ्रेमवर्क नाही, नवीन एआय टूल नाही, इंटरव्ह्यूची तयारी तर अजिबात नाही. आज बोलायचंय एका जुन्या विषयावर. स्टॅटिस्टिक्स. मराठीत संख्याशास्त्र, शाळेच्या पुस्तकात याचंच नाव सांख्यिकी होतं.

गेल्या वर्षी मी नोकरी सांभाळून स्टॅटिस्टिक्सचा अगदी पहिला, पायाभूत कोर्स केला. बीटेक होऊन सहा वर्षं झाली होती. ऑफिसात बऱ्याच जणांनी विचारलं, "तू बीटेक आहेस ना? मग बेसिक कशाला? सरळ मशीन लर्निंग कर की." प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचं उत्तर देते, मग कोर्समध्ये काय असतं ते सांगते, आणि मग या कोर्सचा माझ्या गावच्या सोयाबीनशी काय संबंध आला ते सांगते. खरा मुद्दा त्या सोयाबीनमध्येच आहे, तेव्हा मध्येच पळून जाऊ नका.

बीटेकनंतर बेसिक कशाला?

बीटेकला गणिताच्या पेपरात आम्हाला प्रोबॅबिलिटी आणि स्टॅटिस्टिक्सचं एक युनिट होतं. सूत्र दिलेलं, आकडे दिलेले, उत्तर काढा. ते आकडे कुठून आले, कोणी गोळा केले, किती जणांनी उत्तरच दिलं नाही, हे प्रश्न त्या पेपरात येतच नव्हते. आकडे प्रश्नपत्रिकेतून यायचे आणि उत्तरपत्रिकेत जायचे.

नोकरीत तसं नसतं. आकडे लॉगमधून येतात, डॅशबोर्डवरून येतात, कुणाच्या तरी एक्सेलमधून येतात. त्यांच्या जोरावर मीटिंगमध्ये निर्णय होतात. मला कोड लिहून कुठल्याही कॉलमची सरासरी दोन सेकंदांत काढता येत होती. ती सरासरी कशाबद्दल बोलते आणि कशाबद्दल बोलत नाही, हे मला शिकायचं होतं. त्यासाठी पहिल्या पायरीवरूनच जायला हवं होतं.

मी एनपीटीईएलचा १२ आठवड्यांचा कोर्स निवडला. 'स्वयम्' पोर्टलवर नाव नोंदवायचं, शिकणं मोफत, प्रमाणपत्र हवं असेल तर फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. २५ टक्के गुण असाइनमेंटचे, ७५ टक्के परीक्षेचे. १२ पैकी तुमच्या सगळ्यात चांगल्या ८ असाइनमेंट्सची सरासरी धरतात. हा '१२ पैकी चांगल्या ८' वाला नियम लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहिले काही आठवडे: आकडा म्हणजे काय?

पहिल्या आठवड्यात जवळजवळ गणितच नव्हतं. डेटा म्हणजे काय, समष्टी म्हणजे काय, नमुना म्हणजे काय, एवढंच. मोजता येणारी गोष्ट आणि नुसतं नाव असलेली गोष्ट यातला फरक. कोथरूडचा पिनकोड ४११०३८. दिसायला तो आकडा आहे. पण पुण्यातल्या सगळ्या पिनकोडची सरासरी काढली तर तिला काही अर्थ नाही. पायथन मात्र ती बिनतक्रार काढून देतं! कॉम्प्युटरला अर्थ कळत नाही, तो आपण सांभाळायचा असतो.

मग आल्या मध्य, मध्यक आणि बहुलक. मी मराठी माध्यमातली. लेक्चरमध्ये 'मीडियन' ऐकलं की डोक्यात दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकातला 'मध्यक' उभा राहायचा. फार बरं वाटायचं. जुनं कुणीतरी भेटल्यासारखं.

एक उदाहरण घेऊ. एका वर्गातल्या दहा जणांना नोकऱ्या लागल्या. नऊ जणांना वर्षाला ४ लाख, एकाला ४४ लाख. सरासरी किती? एकूण ८० लाख भागिले १०, म्हणजे ८ लाख. 'सरासरी पॅकेज ८ लाख' हे वाक्य गणिताने शंभर टक्के खरं आहे. पण त्या वर्गात ८ लाख मिळवणारा एकही मुलगा नाही. मध्यक मात्र ४ लाख. कॉलेज निवडताना बापाने कुठला आकडा विचारावा, ते तुम्हीच ठरवा.

आपल्या बॅकएंडवाल्यांना हे थोडं ओळखीचं आहे. आपण सर्व्हरच्या प्रतिसादाची नुसती सरासरी बघत नाही, पी-९५, पी-९९ बघतो. कारण सरासरी छान दिसत असताना शंभरातला एक ग्राहक स्क्रीनकडे बघत बसलेला असतो. म्हणजे संख्याशास्त्रातली एक चांगली सवय आपल्याला आधीच आहे, फक्त तिचं नाव आपण वेगळं ठेवलंय.

शीत आणि पातेलं

कोर्सचा कणा म्हणजे नमुना. आपल्याकडे म्हण आहेच, शितावरून भाताची परीक्षा. आई पातेल्यातलं एक शीत बोटांत दाबून बघते आणि अख्खा भात शिजला की नाही ते सांगते. हेच सॅम्पलिंग.

पण ही परीक्षा चालते का? कारण भात एकसारखा उकळलेला असतो. डाळ-तांदळाची खिचडी बुडाला लागलेली असेल आणि तुम्ही वरवरचं शीत उचललं, तर परीक्षा फसणार. मग वरून एक नाही, शंभर शितं उचलली तरी फसणारच. नमुना किती मोठा याआधी प्रश्न येतो, तो कुठून उचलला.

याचं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं, १९३६ सालचं. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. सुमारे २४ लाख परत आल्या. केवढा मोठा नमुना! त्यावरून त्यांनी सांगितलं की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते टेलिफोनच्या याद्या, मोटारींची नोंदणी अशा ठिकाणांहून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे होती? शिवाय ज्यांनी उत्तर पाठवलं ते न पाठवणाऱ्यांसारखेच होते, असंही नाही. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलपने याहून कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्टचं नाव बरोबर सांगितलं.

यातून दोन वेगळ्या गोष्टी शिकवतात. एक, योगायोगाने होणारी चूक. नमुना वाढवला की ती कमी होते, पण हळूहळू. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट करावा लागतो, कारण सूत्रात वर्गमूळ आहे. दुसरा, कल, म्हणजे एकाच बाजूला झुकणं. तो नमुना वाढवून कमी होत नाही. २४ लाखांनीही झाला नाही.

सुखात्मे, महालनोबिस आणि पिकाचा तुकडा

आता येऊ आपल्या मातीत. भारतात संख्याशास्त्र म्हटलं की पहिलं नाव प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं. १९३१ साली त्यांनी कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली. बंगालमधल्या तागाच्या पिकाचा अंदाज नमुना पाहणीतून काढायचं मोठं काम त्यांनी केलं.

पण माझ्यासाठी दुसरं नाव जास्त जवळचं निघालं. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध हे गाव. फर्ग्युसन कॉलेज, मग लंडनला पीएचडी, मग दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचं काम, आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे संचालक. पद्मभूषण मिळालेला हा माणूस, आणि बीटेक होईपर्यंत माझ्या कानावर हे नाव पडलं नव्हतं.

या दोघांचा एक गाजलेला वाद होता. शेतातलं उत्पन्न मोजायचं तर अख्खं शेत कापत बसत नाहीत. एक तुकडा मोजून आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. प्रश्न असा की तुकडा केवढा घ्यायचा? महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे. काम लवकर होतं, जास्त ठिकाणी जाता येतं. सुखात्म्यांनी प्रत्यक्ष प्रयोगांवरून दाखवलं की फार लहान तुकड्यातून उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येतं. १९४६ साली 'नेचर'मध्ये त्यांनी हे मांडलं.

कारण ऐकाल तर हसाल, इतकं साधं आहे. तुकड्याच्या कडेवर जी रोपं येतात ती आत धरायची की बाहेर? कापणारा माणूस बहुतेक वेळा आत धरतो. मोठ्या तुकड्यात कडेची रोपं एकूण रोपांच्या मानाने थोडी, म्हणून फरक पडत नाही. लहान तुकड्यात कडच जास्त! म्हणजे दोरीच्या काठावरच्या चार रोपांमुळे अख्ख्या देशाच्या धान्याचा अंदाज फुगू शकतो. कल कसा शिरतो याचं याहून चांगलं उदाहरण मला कोर्समध्येही मिळालं नाही.

आता सोयाबीन

आमचं गाव मराठवाड्यात. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. चार एकर रान, त्यातलं बरंचसं ओढ्याकाठी. खरिपाला सोयाबीन. कोर्स चालू होता त्याच वर्षी सप्टेंबरात पाऊस झाला, ओढ्याचं पाणी रानात शिरलं आणि चार दिवस हललं नाही. शेंगा काळ्या पडल्या. अण्णांना एकरी जेमतेम दोन क्विंटल झालं, म्हणजे हेक्टरी सुमारे ५०० किलो.

पीक विमा भरलेला होता. अण्णांचा साधा हिशोब होता, पीक गेलं, आता विमा मिळेल. गावात सगळ्यांचाच हिशोब तो होता.

उत्पन्नावर आधारलेली भरपाई कशी ठरते ते थोडक्यात सांगते. ती तुमच्या एकट्याच्या शेतावरून ठरत नाही, महसूल मंडळाच्या सरासरीवरून ठरते. मंडळ म्हणजे बरीच गावं मिळून एक. मंडळात एका पिकासाठी किमान १० पीक कापणी प्रयोग करायचे असतात. त्यांची सरासरी म्हणजे मंडळाचं त्या वर्षीचं उत्पन्न. अलीकडे काही पिकांना उपग्रहावरून काढलेल्या अंदाजालाही वजन देतात. ही सरासरी ताडून बघतात ती उंबरठा उत्पन्नाशी. उंबरठा म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या सगळ्यात चांगल्या पाच वर्षांची सरासरी, गुणिले जोखीम स्तर. आपल्याकडे तो ७० टक्के असतो.

समजायला गोल आकडे घेते. हे आकडे उदाहरणाचे आहेत. सात वर्षांचं हेक्टरी उत्पन्न १२००, ११००, ६००, १३००, १०००, ७०० आणि १४०० किलो. ६०० आणि ७०० ची वर्षं सोडली. उरलेल्या पाचांची सरासरी १२००. बघा, हा आपला '१२ पैकी चांगल्या ८'चाच भाऊ. चांगली निवडून सरासरी काढली की ती वर जाते. इथे ते शेतकऱ्याच्या फायद्याचं आहे. १२०० चे ७० टक्के, म्हणजे उंबरठा ८४०. या वर्षी मंडळाचं उत्पन्न ६३० आलं तर तूट २१०, म्हणजे उंबरठ्याच्या २५ टक्के. विमा रकमेच्या २५ टक्के भरपाई. आणि ९०० आलं तर? शून्य. मग तुमच्या रानात ५०० होवो नाहीतर काहीच न होवो.

दिवाळीच्या आधी मी सुट्टी काढून घरी गेले होते. आमच्या गावात एक कापणी प्रयोग होता. कृषी सहायक आले, सरपंच होते, पोलीस पाटील होते, विमा कंपनीचा एक मुलगा होता. गट नंबर आधीच निघालेला होता, रँडम पद्धतीने. तो गट निघाला माळावरचा. तिथं पाणी साचलंच नव्हतं. पीक बरं होतं.

लोक चिडले. अण्णांच्या वयाचे एक तात्या पुढे झाले. "साहेब, ह्या रानात काय बघताव? चला की ओढ्याकाठी. नुकसान तिकडं झालंय." कृषी सहायक म्हणाले, नंबर निघालाय तिथंच घ्यावं लागेल, ॲपवर लोकेशन जातं. तेवढ्यात कुणाचं तरी माझ्याकडं लक्ष गेलं. "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा साहेबांना."

अण्णा बाजूलाच उभे होते. काही बोलत नव्हते, माझ्याकडं बघत होते. ओढ्याकाठी प्रयोग झाला तर फायदा आमचाही होता.

मी म्हणाले, "तात्या, नंबर निघालाय तिथंच होऊ द्या."

तात्या म्हणाले, "आता गं बया!" आणि तोंड फिरवून उभे राहिले.

मी तिथंच बांधावर जमलेल्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. रान बघून नंबर बदलायची पद्धत एकदा सुरू झाली की ती आपल्याच बाजूने राहील असं नाही. पुढच्या वर्षी कुणीतरी दुसरं येऊन म्हणेल, साहेब, हे रान नको, ते चांगलं रान घ्या. ज्याच्या हातात जोर, त्याचं रान. दोघांनाही हात लावता येत नाही तोच नंबर आपल्या कामाचा. आणि दुसरं, या वर्षीचा आकडा इथंच संपत नाही. तो नंतरच्या वर्षांच्या उंबरठ्याच्या हिशोबात बसतो. मघाच्या उदाहरणात खरं उत्पन्न ९०० असताना ७०० दाखवलं, तर सगळ्यात जुनं वर्ष गळून नवीन उंबरठा ७७० होतो. ९०० दाखवलं असतं तर ७९८ झाला असता. आज खाली ओढलेला आकडा उद्या आपलाच उंबरठा खाली ओढतो. मग खरंच दुष्काळ पडेल तेव्हा भरपाई कमी.

पटलं का? काहींना पटलं, काहींना नाही. प्रयोग माळावरच झाला. टेप लावून तुकडा आखला, दोरी ताणली. कडेवरच्या रोपांवरून थोडी चर्चा झाली तेव्हा मला सुखात्मे आठवले आणि मी वाकून बघायला लागले, कुठलं रोप आत धरतायत आणि कुठलं बाहेर. लोकही मग वाकून बघायला लागले. हे मात्र सगळ्यांनी करावं असं मी सांगेन. नंबर बदलायला जाऊ नका, पण प्रयोगाला हजर राहा, दोरीकडे बघा, वजनकाट्याकडे बघा, आकडा काय लिहिला ते वाचून मगच सही करा.

पुढे मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या वर आली. उत्पन्नावरची भरपाई बसली नाही.

अण्णांचा प्रश्न

त्या रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "माझं रान त्या दहात नव्हतं. मग माझ्या रानात जे झालं ते त्या कागदावर कुठंय?"

"नाहीये, अण्णा. तो कागद मंडळाचा आहे."

"म्हंजी माझा विमा माझ्या रानाचा न्हाईच. मंडळाचा हाय."

"हो."

"मग हे फॉर्म भरताना कुणी सांगायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. या एका वाक्यात अण्णांनी माझ्या कोर्सचा अर्धा अभ्यासक्रम सांगितला. सरासरी खोटं बोलत नसते. ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असते. 'मंडळात यंदा वर्ष कसं गेलं?' याचं ते उत्तर आहे. 'अण्णांचं पीक गेलं का?' याचं नाही. दुष्काळ सगळ्या मंडळावर पडतो तेव्हा दोन्ही उत्तरं जुळतात. ओढ्याचं पाणी फक्त काठावर शिरतं तेव्हा जुळत नाहीत. प्रत्येकाचं शेत वेगळं मोजायचं म्हटलं तर किती माणसं लागतील याचाही विचार करावा लागतो, म्हणून सरासरी वापरतात. कारण समजतं. पण ज्याचे पैसे जातात त्याला हे आधी, साध्या भाषेत कळायला हवं.

आणि एक गोष्ट मी अण्णांना सांगितली नाही, तुम्हाला सांगते. दहा प्रयोगांवर किती भरवसा ठेवायचा? पुन्हा उदाहरणाचे आकडे. दहा तुकड्यांची सरासरी ९००, आणि प्रमाण विचलन, म्हणजे तुकड्यातुकड्यांतला फरक, ३००. ३०० भागिले १० चं वर्गमूळ, साधारण ९५. नमुना लहान असल्यामुळे इथे टी-वितरण वापरतात. ते शोधलं विल्यम गॉसेटने. हा गिनेस कंपनीच्या बिअर कारखान्यात काम करायचा आणि जवाचे असेच लहान नमुने त्याच्यापुढे असायचे. १९०८ साली त्याने ते 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलं. त्याच्या कोष्टकाप्रमाणे ९५ला २.२६ ने गुणायचं, २१५ येतात. म्हणजे ९५ टक्क्यांचा विश्वास-अंतराल ६८५ ते १११५. आणि उंबरठा? ८४०. अंतरालाच्या आतच! म्हणजे या दहा तुकड्यांवरून मंडळ उंबरठ्याच्या वर आहे की खाली, हे ठामपणे सांगताच येत नाही. पण नियमाला एकच आकडा लागतो, ९०० किंवा ८३९, हो किंवा नाही. अंतराल निम्मा करायचा तर दहाऐवजी चाळीसच्या आसपास प्रयोग हवेत, तेही कापणीच्या त्याच थोड्या दिवसांत.

मी हे गणित वहीत केलं आणि वही मिटून बराच वेळ बसून राहिले. असाइनमेंटमध्ये असंच गणित मी चार मिनिटांत सोडवलं होतं.

ऑफिसात परत

सुट्टी संपवून पुण्याला आले तर आमच्या टीममध्ये ए-बी टेस्ट चालू होती. बटणाचे दोन प्रकार, कुठल्यावर जास्त क्लिक येतात? रोज सकाळी स्टँडअपला कुणीतरी डॅशबोर्ड उघडायचं. "आज पी-व्हॅल्यू ०.०५च्या खाली गेली, चला, थांबवूया, जिंकलो." मला तात्यांची आठवण झाली. रान बघून मग नंबर निवडायचा, तसंच हे. निकाल बघून मग थांबायचं कधी ते ठरवायचं.

पायथनमध्ये करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. दोन्ही बटणं हुबेहूब सारखी ठेवा, फरक शून्य. टेस्टच्या शेवटी एकदाच बघितलं तर १०० पैकी ५ वेळा खोटा विजय दिसेल, तेवढी सूट आपण स्वतःच घेतलेली असते. पण मध्ये मध्ये मिळून पाच वेळा डोकावलं आणि जिंकलेलं दिसताच थांबलं, तर खोटे विजय १४ च्या आसपास जातात. दहा वेळा डोकावलं तर १९. आम्ही आता टेस्ट किती दिवस चालणार आणि किती लोकांवर, हे आधी लिहून ठेवतो. माळावरचा गट नंबर जसा आधी निघालेला होता, तसं.

कोर्स करायचा असेल तर

ज्यांना करायचाय त्यांच्यासाठी थोडं कामाचं.

बारावीचं गणित पुरतं. वर्गमूळ, बेरजेची चिन्हं, थोडं क्रमचय-संचय, बस्स.

पहिले काही आठवडे कोड लिहू नका. वही, पेन, कॅल्क्युलेटर. आठ-दहा आकड्यांचं प्रमाण विचलन हाताने काढलं की ते काय मोजतंय हे बोटांना कळतं. नंतर पायथनमध्ये सिम्युलेशन करा, ते आपलं बलस्थान आहे. जे सूत्र पटत नाही ते दहा हजार वेळा चालवून बघा.

आणि स्वतःचा डेटा घ्या. घराचं वीजबिल, बसला लागणारा वेळ, गावचा पाऊस. ज्या आकड्याने आपल्याला फरक पडतो, तो आपण नीट बघतो.

परीक्षेत मला ७५ पैकी ५८ मिळाले. प्रमाणपत्र आलं, पीडीएफ कुठल्या तरी फोल्डरमध्ये पडलेलं आहे. माझ्याकडे राहिले ते चार प्रश्न, कुठलाही आकडा समोर आला की विचारायचे. हा आकडा कोणाबद्दल आहे? कितींवरून काढलाय? ते कसे निवडले? आणि निवडायचं कसं ते आकडा बघण्याआधी ठरवलं होतं की नंतर? पॅकेज असो, पोल असो, पीक विमा असो की डॅशबोर्ड, हे चार विचारा.

अण्णांचं काय झालं विचाराल, तर या वर्षी त्यांनी ओढ्याच्या कडेने चर खणून घेतला आणि अगदी काठाचा अर्धा एकर सोयाबीनला दिलाच नाही. विमा भरलाय. "मंडळाचा मंडळाला, रानाचं आपण बघायचं," असं म्हणतात.

चला मंडळी, आज एवढंच. तुमच्या गावात पीक कापणी प्रयोगाला तुम्ही हजर राहिला असाल, किंवा कोर्स करताना कुठे अडला असाल, तर जरूर कळवा. पुढच्या भागात वाचकांच्या आणि श्रोत्यांच्या प्रश्नांवर बोलू. तोवर काळजी घ्या, आणि शीत दाबण्याआधी भात एकदा ढवळून घ्या. नमस्कार.